जखम एका रात्रीत भरत नाही : मावशींना जाहीर आभारपत्र

फोंडा, गोवा

आदरणीय मावशी,
सादर प्रणाम.

गेल्या पावसाळ्यात आपल्या घराच्या सोप्यावर सुरू झालेला आमचा खेळ या पावसाळ्यातही चालू आहे आणि त्याचे नियम आता एका जाड वहीत नीट उतरले आहेत. त्या वहीच्या प्रती इतर खेळणारे मागू लागले, तेव्हा पहिल्या पानावर आपले नाव घालावे असे मी सुचवले, पण आपण हात जोडून नकार दिलात. नाव घालत नाही. मात्र त्या वहीतला सर्वांत मोलाचा भाग आपल्यामुळे झाला आहे, हे सर्वांसमक्ष सांगितल्याखेरीज मला राहवत नाही.

आम्ही नेमके काय करत होतो, हे वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. ‘वॉरहॅमर फँटसी रोलप्ले’ हा टेबलावर बसून खेळायचा भूमिकांचा खेळ 1986 साली इंग्लंडमध्ये निघाला आणि त्याची चौथी आवृत्ती 2018 साली आली. त्यातले जग काळोखाचे आहे. जुन्या जर्मन प्रदेशांच्या धर्तीवर रचलेले एक साम्राज्य, आतून पोखरणारे पंथ, आकाशात मॉर्सलीब नावाचा हिरवट अशुभ चंद्र आणि माणसाच्या रागावर, वासनेवर, महत्त्वाकांक्षेवर, निराशेवर पोसणारे चार अंधारदेव. मला हे जग फार प्रिय आहे. पण आमच्या मंडळींना नियम येत होते ते अशाच दुसऱ्या एका खेळाचे, ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या 2014 सालच्या पाचव्या आवृत्तीचे, आणि नवी पद्धत शिकायला कोणापाशी सवड नव्हती. म्हणून ते जग या नियमांत आणायचे मी ठरवले.

पहिल्या प्रयत्नात मी फक्त नावे आणली. नकाशा आणला, देव आणले, रोगराईने ओस पडलेली गावे रंगवून सांगितली, आवाज खाली आणून बोललो. तरीही दोन बैठकींत कोणाच्याही अंगावर काटा आला नाही, आणि माझे वर्णन कमी पडते आहे असे समजून मी आणखी वर्णन करत राहिलो. तिसऱ्या रविवारी आपण चहाचे पेले ठेवता ठेवता थांबलात आणि विचारलेत, “काल रात्री याच्या पोटात तलवार गेली होती ना? मग आज सकाळी हा घोड्यावर कसा बसला?”

मी नियम सांगितला, की आठ तासांची विश्रांती घेतली की सगळे हिट पॉइंट, म्हणजे पात्राचा जीव मोजणारे गुण, परत येतात. आपण एवढेच म्हणालात, “मग याला भीती कशाची?”

त्या प्रश्नाने मला रात्रभर झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मी दोन्ही पद्धतींची आकडेमोड मांडली. वॉरहॅमरमध्ये सर्वसाधारण माणसाची सहनशक्ती बाराच्या आसपास असते. तलवारीचा बरा बसलेला वार त्याच्या अंगच्या चिवटपणातून वजा जाऊनही सहाच्या घरात उरतो, म्हणजे चिलखत नसेल तर दोन वारांत माणूस जमिनीवर. आमच्याकडे पाचव्या पातळीच्या योद्ध्याचे हिट पॉइंट चव्वेचाळीस आणि तलवारीचा वार सरासरी साडेसातचा, म्हणजे सहा वार खाऊन तो पडणार आणि सकाळी पुन्हा ताजातवाना. शिवाय मूळ खेळात शंभराच्या फाशावर जे पडते त्याचेच अंक उलटे वाचून वार कुठे बसला ते ठरते : 35 पडले तर 53, म्हणजे धड, 18 पडले तर 81, म्हणजे पाय. तिथे जखमेला जागा असते. आमच्या जखमेला जागाच नव्हती, ती नुसती वजाबाकी होती. जगाचा काळोख नावांत नसून या हिशेबात आहे, हे मला आपल्या त्या एका प्रश्नामुळे उमगले.

पाचव्या आवृत्तीच्या मार्गदर्शक पुस्तकात लहान विश्रांती आठ तासांची आणि मोठी सात दिवसांची करण्याची ऐच्छिक सोय आहे. ती मी लगेच उचलली. पण पुढचा पेच मला एकट्याने सुटला नसता. चार अंधारदेवांपैकी नर्गल हा रोगराईचा आणि सडण्याचा देव. आमच्या नियमांत मात्र तिसऱ्या पातळीचा पुरोहित एका मंत्राने रोग जागच्या जागी घालवतो आणि पॅलाडिन, म्हणजे शपथ घेतलेला धर्मयोद्धा, तर पहिल्याच पातळीपासून हात ठेवून बरे करतो. असे असेल तर नर्गलला कोण भिणार? मी ते मंत्र काढूनच टाकणार होतो. आपण अडवलेत. रुग्णालयात परिचारिका म्हणून घालवलेल्या वर्षांचे आपण त्या दिवशी पहिल्यांदा आमच्याशी बोललात. औषध लागू पडले तरी माणूस त्याच क्षणी उठून चालत नाही, ताप उतरतो, पुन्हा चढतो, आणि मधल्या रात्री उशाशी कोणीतरी बसावे लागते, हे आपण सांगितलेत, आणि मी समोरच्या कागदावर जसेच्या तसे टिपून घेतले.

आमच्या वहीतला जखमेचा नियम त्यातूनच आला. जखम झाल्यावर तिसऱ्या दिवशी तग धरण्याचा सेव्हिंग थ्रो, म्हणजे निभावण्यासाठी वीस बाजूंच्या फाशाची फेक, लक्ष्य तेरा. चुकला तर थकव्याची एक पायरी. अशा सहा पायऱ्या झाल्या की मृत्यू. पुरोहिताची प्रार्थना रोग पुसून टाकत नाही, ती त्या फेकीला अ‍ॅडव्हांटेज देते. म्हणजे फासा दोनदा टाकायचा आणि मोठा आकडा धरायचा. ज्याला फेकीत दोनची भर आहे त्याची बचावण्याची शक्यता पन्नास टक्क्यांवरून पंचाहत्तरवर जाते. शंभरावर कधीच जात नाही. आणि प्रार्थना करणाऱ्याने ती रात्र रोग्यापाशी काढली पाहिजे. शलिया ही त्या जगातली करुणेची आणि उपचारांची देवी. तिचे पुरोहित आमच्या खेळात आता कुठे खरे वाटू लागले आहेत.

नर्गलविषयी आपण जे बोललात ते मी कधीही विसरणार नाही. त्याचे भक्त त्याला आजोबा म्हणतात, हे मी सांगितल्यावर आपण बराच वेळ गप्प होतात. मग म्हणालात की दीर्घ दुखण्याला कंटाळलेल्या माणसापाशी कोणी येऊन “आता झगडू नकोस, आहेस तसा मला चालतोस” असे मायेने म्हणाले, तर नाही म्हणायला फार बळ लागते. मी त्या देवाला इतकी वर्षे किळसवाणा म्हणून रंगवत होतो. त्या संध्याकाळनंतर तो आमच्या टेबलावर हळू आवाजात, प्रेमाने बोलतो, आणि खेळणारे खरोखर घाबरतात. भ्रष्टतेचे गुण मोजण्याचा नियम मी मूळ खेळावरून बेतला आहे, जादूच्या आठ वाऱ्यांसाठी मंत्र उलटण्याचा एक तक्ताही केला आहे. ती कामे मेहनतीची होती, पण त्यांत माझ्या डोक्याबाहेरचे काही नव्हते. हे होते.

आणि आपण स्वतः खेळायला बसलात, याचे आभार कसे मानू? मूळ खेळात उंदीर पकडणारा हा एक पेशाच आहे आणि त्याच्यासोबत लहानसा पण चावरा कुत्रा असतो, हे ऐकताच आपण तोच घेतलात. श्रावणातल्या त्या रविवारी त्याच्या उजव्या दंडात भाल्याचे टोक गेले. पत्र्यांवर पाऊस इतका वाजत होता की मला मोठ्याने बोलावे लागत होते. मी पुढच्या लढाईची तयारी करून आलो होतो, पण तिकडे कोणी वळलेच नाही. एकाने विहीर शोधली, एकाने पाणी उकळले, तुमच्या मुलाच्या सरदाराने आपला रेशमी सदरा फाडून पट्ट्या केल्या, आणि पाऊण तास पाच मोठी माणसे एका उंदीर पकडणाऱ्याच्या दंडाभोवती बसून राहिली. मी फासे हातात धरून नुसता पाहत होतो. इतक्या वर्षांत मी चालवलेल्या खेळांतली ती सर्वांत चांगली बैठक होती.

त्या दंडाची मोठी विश्रांती पुरी व्हायला अजून खेळातले चार दिवस बाकी आहेत आणि तिसऱ्या दिवसाची फेक आपण अकरा अधिक दोनची भर अशी काठोकाठ काढली आहे. आपल्या पात्राची शीट माझ्या फाइलमध्ये सर्वांत वर ठेवली आहे. कुत्र्याला नाव द्यायचे मात्र राहून गेले आहे. येत्या रविवारी ते ठरवून यावे, ही विनंती.

आपला नम्र,
आपल्या मुलाचा मित्र आणि रविवारच्या खेळाचा गेम मास्टर