काकू, तुम्ही बांगड्यांना रुमाल बांधला होतात

तीर्थस्वरूप काकूंस,
साष्टांग नमस्कार.

तुम्ही दादरला कोकणच्या गाडीत बसलात त्याच रात्री कोळ्याचं शेवटचं पिल्लू मी वेगळ्या डबीत ठेवलं. ८३ झाली. अंड्यांच्या पिशवीतून ९१ निघाली होती, आठ जगली नाहीत. फोनवर हा आकडा सांगितला तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, "बरां झालां गो," आणि घावन करपतंय म्हणून फोन ठेवलात. मला जे बोलायचं होतं ते घशातच राहिलं, म्हणून लिहिते आहे. तुमचं नाव घालत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण पत्र सगळ्यांना वाचता येईल असं उघड्यावर ठेवते. तुमच्याखेरीज आणखी काही जणांनी ते वाचायला हवं.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. लालबागच्या आमच्या चाळीत, माझ्या खोलीत, सहा वर्षांपासून एक टॅरंटुला, म्हणजे मोठा केसाळ कोळी, आहे. जात ग्रीन बॉटल ब्ल्यू. तिचं मूळ घर व्हेनेझुएलातल्या पाराग्वाना द्वीपकल्पावर, काटेरी झुडपांच्या कोरड्या मुलखात. शास्त्रात तिची पहिली नोंद १९०७ सालची, एम्ब्रिक स्ट्रँड यांची. पाय गर्द निळे, पाठ हिरवट, पोट नारिंगी. मी तिला निळी म्हणते. पाहणाऱ्याला वाटतं ती नुसती बसून असते, पण रात्री दिवा मालवला की ती अख्ख्या पेटीत पांढरं जाळं विणत फिरते. ती हातात घेऊन मिरवायचा प्राणी नाही. मी तिला कधी हातात घेतलेलं नाही.

या वर्षी पहिल्यांदाच तिला पिल्लं व्हावीत असं मनात आलं. नर पुण्याच्या एकानं विश्वासानं दिला. त्यानं तोंडाजवळच्या आखूड पायांनी जाळ्यावर ताल धरला, निळीनं आतून पाय आपटून जबाब दिला, आणि मिनिटाभरात सगळं पार पडलं. त्यानंतरची वाट बघणं फार कठीण गेलं. कोळ्याची मादी नराचं बीज पोटात साठवून ठेवते आणि अंडी घालायच्या आधी तिनं कात टाकली तर ते कातेबरोबरच जातं. तीन महिने रोज सकाळी मी पहिली नजर पेटीत टाकायची, कात दिसू नये म्हणून. जूनच्या अखेरीस तिनं पिशवी विणली. लिंबाएवढीही नव्हती, मळकट पांढरी, आणि ती पिशवी पायांच्या कवेत घेऊन निळी बसली.

जुलैत वरच्या मजल्यावर लाद्या उखडायला मशीन लागलं. दोन दिवस भिंती हलत होत्या. तिसऱ्या सकाळी पिशवी एका कोपऱ्यात पडलेली आणि निळी दुसऱ्या कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून.

आईनं टाकलेली पिशवी तशीच पडू दिली की खालची अंडी वरच्यांच्या भारानं दबतात, चिकटतात, कुजतात. आई ती एरवी सतत फिरवत असते. आता ते माणसाला करावं लागणार होतं, दिवसातून चार-पाच वेळा. त्यातून मुंबईचा पाऊस. कोरड्या मुलखातल्या जिवाची अंडी आणि आमच्याकडे भिंतीला हात लावला तर ओला होतो. बुरशी धरायला एक रात्र पुरते. आणि माझी ड्युटी सकाळी आठ ते रात्री आठ.

मी फोन लावले. नावं घेणार नाही, पण काय झालं ते सांगणार आहे. एक गृहस्थ आहेत, या छंदातले जुने जाणते, नवख्यांना शिकवतो असं स्वतः सांगतात. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एवढं जमत नसेल तर प्राणी पाळू नयेत माणसानं." फोन बंद. एका दवाखान्यात फोन उचलणारी मुलगी हसली आणि तिनं शेजारच्या कुणाला तरी हाक मारली, "ऐक ना, कोळ्याची डिलिव्हरी आहे." मला ते हसणं अजून ऐकू येतं. तिसरा एक दुकानदार. तो म्हणाला, ती पिशवी फेका, मी तुम्हाला गुटीचा निळा कोळी आणून देतो, थेट जंगलातला. गुटीचा कोळी म्हणजे आंध्रातला, १८९९ साली पोकॉक या अभ्यासकानं नोंदवलेला, गुटी गावी रेल्वेच्या लाकडाच्या वखारीत सापडला होता म्हणून त्या गावाचं नाव लागलेला. त्यानंतर शंभरेक वर्षं त्याचा पत्ता नव्हता. २००१ मध्ये नंद्याल आणि गिद्दलूरच्या मधल्या जंगलात तो पुन्हा दिसला. आज तो अतिसंकटग्रस्त आहे, आणि २०१९ पासून त्याच्या सगळ्या गोताचा परदेशी व्यापार साइटीस या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारानं बांधला आहे. तो जंगलातून ओरबाडून आणायला हा माणूस तयार होता आणि माझ्या जिवंत अंड्यांना कचरा म्हणत होता. काकू, मला राग आला, पण रागानं पिशवी फिरत नाही.

तुम्ही अळूवड्या द्यायला आलात तेव्हा मी जमिनीवर बसून रडत होते. तुम्ही विचारलंत, "काय झालां गो? कोण गेलां?" मी पिशवी दाखवली. तुम्ही दोन पावलं मागे सरकलात. पाल दिसली तरी तुम्ही काकांना हाक मारता हे सगळ्या मजल्याला माहीत आहे, आणि सहा वर्षांत माझ्या खोलीचा उंबरा तुम्ही एकदाही ओलांडला नव्हता. दारातूनच वाटी देत होतात.

त्या दिवशी तुम्ही दाराच्या चौकटीला धरून सगळं ऐकून घेतलंत. मग गावच्या खुडूक कोंबडीची गोष्ट सांगितलीत. कोंबडी रवणीवरून उठून गेली की तुमची आई भाताच्या तुसात अंडी ठेवायची आणि चुलीच्या मागे टोपली सरकवायची. कोंबडीसुद्धा चोचीनं अंडी उलटी-सुलटी करत असते, हे तुम्हीच म्हणालात. "अंडी ती अंडीच गो. कोंबडीची काय नि कोळ्याची काय. माका भय वाटता, पण म्हणान ती मरूक नको. तू ड्यूटीक जा. दुपारचां मी बघतंय."

तुमच्याच घरातली चहाची गाळणी आणलीत. तिच्यात मऊ कागद अंथरून पिशवी ठेवली, गाळणी एका डब्यावर टेकवली, म्हणजे खालून वारा लागेल. दुपारी बारा आणि चार, हे तुमचे. बाकीचे माझे.

मी नर्स आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलायची असते, नाहीतर पाठीला जखमा होतात. हे काम कुणाच्या नजरेत भरत नाही. ऑपरेशन करणाऱ्याचं नाव फाईलवर असतं, कूस बदलणाऱ्या हातांचं कुठेच नसतं. जखम झाली नाही तर कुणाला काही कळतच नाही. म्हणून तुम्ही जे केलंत त्याचं वजन मला कळतं. २३ दिवस. तुमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाच्या खुणांशेजारी रोज दोन बारीक फुल्या असायच्या, आणि नागपंचमीच्या चौकोनातही होत्या. त्या दिवशी तुमच्याकडे चिरणं, कापणं, तवा ठेवणं काही नसतं. पातोळ्या वाफवून घेतल्यात आणि बाराला वर आलात.

पण मला सांगायचंय ते वेगळंच.

श्रावण लागायच्या आधी तुम्ही नवा चुडा भरला होतात. हिरव्या काचेच्या डझनभर बांगड्या. तुम्ही भांडी घासायला बसलात की अख्ख्या गॅलरीला कळतं. एका दुपारी अंगात ताप भरला म्हणून मी लवकर घरी आले. जिना चढून वर आले तर माझं दार उघडं, तुम्ही पाठमोऱ्या, आणि आवाज काहीच नाही. म्हणून थबकले. तुम्ही कमरेला खोचलेले काकांचे चौकड्याचे दोन रुमाल काढलेत. बांगड्या कोपराकडे सरकवल्यात, वरून रुमाल गुंडाळलात आणि दातांत टोक धरून गाठ मारलीत. मग दुसरा हात. मग मान जरा बाजूला वळवून, ओठ घट्ट मिटून, मऊ ब्रशनं पिशवी अर्ध्या फेऱ्यानं फिरवलीत. तुमचा हात थरथरत होता. ब्रश मात्र हलला नाही. फिरवून झाल्यावर तुम्ही शेजारच्या पेटीतल्या निळीकडे बघितलंत आणि हळू आवाजात म्हणालात, "झालां हां बाय, झालां."

कोळ्याला कान नसतात. पायांवरच्या बारीक केसांना हवेतला, जमिनीतला कंप कळतो. हे मी तुम्हाला पहिल्या दिवशी एकदाच, घाईघाईत सांगितलं होतं. बांगड्यांबद्दल मी एक शब्दही बोलले नव्हते, माझ्या ते मनातसुद्धा आलं नव्हतं. तुम्ही ते एक वाक्य घरी नेलंत, त्याचा विचार केलात, आणि मशीनच्या धक्क्यानं आधीच भेदरलेल्या त्या आईला तुमच्या हाताचा आवाजही लागू नये म्हणून रोज दोनदा, दोन्ही हातांना रुमाल बांधलेत. चुडा उतरवणं तुमच्या मनाला पटणार नव्हतं, तर हा मार्ग काढलात. ज्या जिवाची तुम्हाला भीती वाटते, त्याला तुमची भीती वाटू नये म्हणून.

मी तशीच दोन पायऱ्या खाली उतरून बसले. तुम्ही निघालात तेव्हा रुमाल सुटले होते, बांगड्या वाजत होत्या, आणि तुम्ही मला विचारलंत, ताप आहे का, पेज करून देऊ का. त्या दुपारबद्दल मी तुम्हाला आजवर सांगितलं नाही.

मला आठ वर्षं हॉस्पिटलमध्ये झाली. माणसं मायाळू आहेत असं कुणी म्हटलं की मी पटकन मान डोलवत नाही, मी पुष्कळ पाहिलं आहे. पण ज्याला एखादी गोष्ट आवडते तोच ती जपेल, हा माझा समज होता. त्या जुन्या जाणत्यांना कोळी आवडतात, त्यांच्या घरी पन्नास पेट्या आहेत. तुम्हाला कोळी आवडत नाही, आजही आवडत नाही. तुम्हाला समोरच्याचं नुकसान होऊ द्यायचं नव्हतं, मग तो समोरचा आठ पायांचा असला तरी. भल्या माणसाला आधी प्रेम वाटावं लागत नाही, हे मला तुमच्याकडे बघून कळलं. आपल्या चाळीत अशी माणसं अजून आहेत. दुसऱ्याच्या नळाची बादली भरत आली की हाक न मारता ती बाजूला सरकवणारी. त्यांचे कुणी आभार मानत नाही, मीही आजवर मानले नव्हते.

पिशवी उघडली तेव्हा तुम्ही दारात उभ्या होतात. आधी नुसते पिवळट मणी दिसले, त्यांना काड्यांसारखे पाय. मेलेली वाटली. मग एकानं पाय हलवला, आणि तुम्ही उंबरा ओलांडून आत आलात. त्यानंतर त्यांनी कात टाकली, काळसर झाली, चालू लागली, आणि एकमेकांना खाऊ नयेत म्हणून मी ती चटणीच्या पार्सलच्या छोट्या डब्यांत एकेकटी केली. पुण्याच्या त्या माणसाला वीस जातील. बाकीची मी कुणालाही सहज देणार नाही, आधी घर बघेन, माणूस बघेन. आणि घेणाऱ्याला तुमच्या रुमालांबद्दल सांगेन.

निळी बरी आहे. परवा खाल्लं तिनं. पुन्हा जाळं विणायला लागली आहे, तो भिंतीकडचा कोपरा सोडून.

गौरी-गणपती नीट पार पडू देत. काकांच्या गुडघ्याला तेल लावत जा, ते स्वतः लावणार नाहीत. तुमची गाळणी मात्र मी परत देणार नाही. स्टीलची नवी आणली आहे, तुमच्या कडीला पिशवीत अडकवून ठेवली आहे. आल्यावर पहिला चहा तिच्यातून गाळा आणि मला हाक मारा.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची