पहिला परजीवी दिसल्यावर

नाशिक रोड,
भाद्रपद

चि. ऋतुजास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "आई, उंदरांच्या खोलीत जायचं नकोसं वाटतं." मी तेव्हा ताणलं नाही. असलं बोलणं फोनवर धड होत नाही, म्हणून लिहिते आहे.

तुझा मलेरियाच्या लसीचा प्रयोग मला कळला तसा आधी मांडते. काही उंदरांना लस दिली, काहींना दिली नाही. मग डासांच्या लाळग्रंथींतून काढलेले स्पोरोझोइट, म्हणजे डास चावताना अंगात सोडतो ते मलेरियाचे परजीवी, सगळ्यांना शेपटीच्या शिरेतून टोचले. ते यकृतात शिरतात, उंदरात तिथे साधारण ४८ तास वाढतात आणि मग रक्तात उतरतात. लस त्यांना यकृतातच अडवते का, हे तुम्हाला पाहायचंय. म्हणून तिसऱ्या दिवसापासून रोज शेपटीच्या टोकाचा एक थेंब, काचपट्टी, गिम्साचा रंग आणि मायक्रोस्कोप.

म्हणजे उंदराला विचारलेला प्रश्न एवढाच, की परजीवी रक्तात आला का? काचपट्टीवर तो दिसला की त्या उंदराचं उत्तर मिळालं. तरी तुमच्याकडे ते मरेपर्यंत पिंजऱ्यात ठेवतात आणि सकाळी मेलेले मोजायचं काम तुझ्याकडे. बर्घेई या उंदरांच्या मलेरियाच्या परजीवीचा अंका वाण आणि सी-५७ जातीचे काळे उंदीर म्हटल्यावर आठवड्या-दीड आठवड्यात मेंदूचा मलेरिया बहुधा होणारच. अंगावरचे केस पिंजारतात, तोल जातो, झटके येतात. ज्यांना मेंदूचा मलेरियाच अभ्यासायचाय त्यांची गोष्ट वेगळी. तुझ्या प्रश्नाला त्या दिवसांतून काहीच मिळत नाही. तुला नकोसं होतं ते याच दिवसांमुळे, असं मला वाटतं, आणि ते तसं वाटणं अगदी बरोबर आहे.

सुरगाण्याला काचपट्ट्या तपासायच्या कामावर असताना पावसाळ्यात आरोग्यसेवक पाड्यापाड्यांवरून तापाच्या रुग्णांच्या काचपट्ट्या आणायचे. टेबलावर ढीग लागायचा. जेएसबी रंगानं रंगवायच्या आणि मायक्रोस्कोपखाली काचपट्टीच्या शंभर जागा, म्हणजे शंभर फील्ड, पाहिल्याशिवाय निगेटिव्ह लिहायचं नाही. पीएफ, म्हणजे जिवावर बेतणारा फॅल्सिपेरम मलेरिया, निघाला की निरोप त्याच दिवशी गेला पाहिजे. त्या कामानं मला काचपट्टी वाचायला शिकवलं, आणि म्हणून तुझी एक गोष्ट मला खटकली. लस दिलेल्या काही उंदरांत परजीवी तिसऱ्याऐवजी चौथ्या दिवशी दिसला, ते 'फेल' म्हणून एका रकान्यात गेले, असं तू सहज सांगून टाकलंस. अगं, परजीवी रक्तात इतक्या झपाट्यानं वाढतो, की एका दिवसाचा उशीर म्हणजे यकृतातले साधारण ९० टक्के परजीवी लसीनं मारले, असा हिशोब धरतात. संरक्षण मिळालं नाही, हे खरंच. एक जरी वाचला तरी तो रक्तात पोचतो. पण अजिबात न चाललेली लस आणि ९० टक्के चाललेली लस एका रकान्यात कशी बसवायची? मेलेले मोजून हा फरक दिसणार नाही, तो पहिल्या दिवसांच्या काचपट्ट्यांतच आहे. त्यांच्यावर गटाचं नाव घालू नकोस, नुसता नंबर घाल, आणि वाचणाऱ्याला गट कळता कामा नये. आपल्याला हवं ते डोळ्यांना दिसायला लागतं, हे मी फेरतपासणीत फार जवळून पाहिलंय.

तुमच्या संस्थेत प्राणी नैतिकता समिती असेलच. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली केंद्राची समिती आहे आणि तिच्या नियमांप्रमाणे मंजूर आराखड्यात बदल मागता येतो. तू बदलाचा अर्ज कर. परजीवी पक्का दिसला, दुसऱ्या दिवशीच्या काचपट्टीनं खात्री झाली, की तो उंदीर वेदना न होऊ देता संपवायचा. वरिष्ठांना आधी विचार, पण दया म्हणून मागू नकोस. प्रयोगाचं उत्तर न गमावता त्रास कमी होतो, हे त्यांना आकड्यांनी दाखव.

हे काम सोडावं असं मात्र मी म्हणणार नाही. न्यूयॉर्कमध्ये रूथ नुसेन्झ्वाइग यांनी क्ष-किरणांनी दुबळे केलेले स्पोरोझोइट उंदरांना टोचले आणि त्या उंदरांना नंतर संसर्गापासून संरक्षण मिळालं, ते १९६७ साली. त्यातूनच पुढे स्पोरोझोइटच्या आवरणावरच्या प्रथिनाकडे लक्ष गेलं. त्याच प्रथिनावर बेतलेल्या आरटीएस,एस लसीची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये केली आणि आर-२१ ची २०२३ मध्ये. दुसरी तर आपल्या पुण्यात तयार होते. उंदरापासून मुलाच्या दंडापर्यंत पन्नासहून जास्त वर्षं लागली. मधल्या काळात उंदरात चाललेल्या कितीतरी लसी माणसात चालल्या नाहीत.

चालणार तरी कशा? बर्घेई मुळात कांगोतल्या रानउंदरांचा परजीवी, माणसाला तो होतच नाही. आणि त्या दोन्ही लसी पीएफवरच्या. माझ्या टेबलावर यायचा तो बहुतेक पीव्ही, म्हणजे व्हायव्हॅक्स. तो यकृतात महिनोन् महिने झोपून राहतो. त्या झोपलेल्यांना मारणाऱ्या प्रायमाक्विनचा चौदा दिवसांचा डोस अर्धवट टाकलेला माणूस पुढच्या हंगामात पुन्हा थंडी वाजत दारात उभा. तुमच्या उंदरांतल्या परजीवीला ही झोप माहीत नाही, त्यामुळे त्या माणसाबद्दल तुझे उंदीर काही सांगू शकणार नाहीत. निबंध लिहिशील तेव्हा हे स्पष्ट लिही. उंदरांत काय दिसलं तेवढंच लिही, मलेरियावर लस सापडली असं कुणी वाचू नये.

इथे पाऊस अजून आहे. परवा गंगेचं, म्हणजे आपल्या गोदावरीचं, पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत चढलं होतं. आता बांधकामांवरच्या टाक्यांत तुझा तो मलेरिया पसरवणारा स्टिफेन्सी डास होणार, म्हणून बाबा सोसायटीची टाकी स्वतः उघडून बघून आले.

अर्जाचा मसुदा झाला की मला पाठव. इंग्रजी मी जमेल तसं वाचीन, पण तक्ता मला बघायचाय. प्रत्येक उंदरासमोर पहिली पॉझिटिव्ह काचपट्टी कोणत्या दिवशी आली आणि किती फील्ड पाहिली, हे दोन रकाने त्यात हवेत.

तुझी,
आई