ते बटण आधी काढ

प्रिय मित्रा,

आमच्या ग्रामसभेसाठी केलेलं तुझं ॲप वापरून पाहिलं. काम झकास झालंय, पण ते ‘ठरावावर मत द्या’चं बटण आधी काढ. रागावू नकोस, ऐक.

आमच्या वाडीतली कितीतरी घरं वर्षभर कुलूपबंद असतात. चतुर्थीला मुंबईकडे नोकरीला असलेले चाकरमानी उतरले की ती उघडतात, आणि मग गावाचं काय करावं यावर प्रत्येकाचं मत असतं. असावंच, देवळाची वर्गणी तेच देतात. पण ग्रामसभेचा सदस्य म्हणजे पंचायतीच्या मतदारयादीत नाव असलेला माणूस. तुझ्या बटणाला नुसता मोबाइल नंबर पुरतो. म्हणजे पाखाडी, ती पायऱ्यांची वाट, दुरुस्त करायची की देवळापुढे पेव्हर ब्लॉक बसवायचे, हे डोंबिवली ठरवणार. आणि भर पावसात त्याच शेवाळलेल्या पायऱ्यांवरून कळशी घेऊन उतरणारी आमची काकी? तिच्याकडे स्मार्टफोनच नाही. चाकरमान्यांना सगळं दाखव, प्रश्न विचारू दे. कौल मात्र सभेतच लागू दे.

आमचं घोडं अडतं ते त्याच्याही आधी. नोटीस पंचायतीच्या फळ्यावर लागते. पावसाळ्यात दमट हवेने कागदाचा पार लगदा होतो. मागच्या खेपेला तारीख तेवढी दिसत होती, विषय गायब. माणसं येत नाहीत. १५ टक्के मतदार किंवा १००, यांतली कमी असेल तेवढी गणसंख्या लागते, तीही भरत नाही. सभा तहकूब. तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा गणसंख्येची अट नाही, मग मोजक्या डोक्यांत सगळं मंजूर. कायद्याला धरूनच हो!

म्हणून विषयपत्रिका आठवडाभर आधी व्हॉट्सॲपवर जाऊ दे, आणि सोबत मालवणीत बोललेला ऑडिओ. तो मी करतो, तुझ्या पुणेरी आवाजाला इथे कोण विचारणार!

दुसरं काम पैशाचं. ई-ग्रामस्वराज पोर्टल २०२० पासून आहे, पंचायतीचा आराखडा आणि खर्च त्यावर दिसतो. पण आमच्या नोंदी इंग्रजीत, आणि त्यांवरून कुठली वाडी ते कळत नाही. ‘फूटपाथ’ लिहिलंय ती पाखाडी आमची की खालच्या वाडीतली? तू नोंदी उतरवून घे, त्यांना वाडीचं नाव मी लावतो. बंधित निधीही वेगळ्या रंगात दाखव. पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानातले ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेले होते. साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, मागितला की ग्रामसेवक ‘त्यातून बसत नाही’ म्हणायचे आणि लोकांना वाटायचं, माणूस टाळतोय. कधी टाळतही असेल, पण आकडा समोर असला तर निदान भांडण नेमकं होईल.

तू उदाहरण देतोस ते इंग्लंडचं ‘फिक्समायस्ट्रीट’, रस्त्यांच्या तक्रारींचं संकेतस्थळ, २००७ पासून चालतंय, कबूल. पण तिथे खड्डा नकाशावर दाखवला की तक्रार कुठल्या कौन्सिलकडे जाणार ते ठरलेलं असतं. इथे रस्ता पंचायतीचा, जिल्हा परिषदेचा की बांधकाम खात्याचा, यावरच सभेत तासभर जातो. खड्ड्याचे फोटो नंतर, आधी रस्त्यांची मालकी दाखवणारा नकाशा टाक.

आणि ओटीपी नको. आमच्याकडे रेंज सड्यावर, म्हणजे वरच्या कातळमाळावर, चढल्यावर येते. तिथे पोचेपर्यंत त्याची मुदत संपते. बटण काढलंस की नवी आवृत्ती पाठव, १५ ऑगस्टच्या सभेआधी वापरून बघायचीय.

तुझा,
बाळा