परभणीच्या दुरुस्तीवाल्या मामांना

आदरणीय मामा,
सप्रेम जय भीम.

तुमच्याकडं साधा फोन आहे, म्हणून हे पत्र तुमच्या नातीच्या मोबाईलवर पाठवतोय. तिनं मोठ्यानं वाचून दाखवावं, ही विनंती. सगळ्यांसमोर लिहितोय, कारण आपल्याकडच्या गायन पार्ट्यांत गिटार वाजवणारी बरीच पोरं आहेत, त्यांच्याही हे कामाला येईल. आणि तुमचं ऋण चार लोकांत सांगावं, असं किती दिवस मनात होतं.

गेल्या १३ एप्रिलची रात्र. पूर्णा तालुक्यातलं गाव, बारा वाजता जयंतीचे फटाके फुटले, पोरं निळे झेंडे घेऊन नाचत होती आणि आमचा कार्यक्रम सुरू झाला. दुसऱ्याच गाण्यात माझ्या गिटारीचा आवाज फाटायला लागला. हळू वाजवली की बरी, जोरात हात मारला की खरखर. तिसऱ्या गाण्यात आवाज बारीक होत गेला, चौथ्यात गेलाच. ढोलकी, हार्मोनियम आणि पॅडवर पार्टीनं कार्यक्रम निभावला. मी तीन तास गिटार गळ्यात अडकवून कोरस म्हणत उभा होतो. ती गिटार मी दिवाळीत सोयाबीनच्या पैशातून घेतली होती, पुण्याहून, वापरलेली. अ‍ॅक्टिव्ह पिकअपची, म्हणजे तारांची थरथर पकडणारा भाग सेलवर चालतो अशी. घरी आईला काय सांगायचं, हाच विचार रात्रभर डोक्यात होता.

दोन दिवसांनी मोठ्या शहरातल्या एका वाद्यांच्या दुकानात दाखवली. मागचं झाकण न उघडताच त्यांनी सांगितलं, पिकअप जळलेत, आतलं सगळं बदलावं लागेल, नऊ हजार. मी गिटार पाठीवर टाकली आणि परत आलो. आमच्या ढोलकीवाल्यानं तुमचं नाव सुचवलं. म्हणाला, मामा मंडपवाल्यांचे अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करतात, एकदा दाखव.

तुमचं पहिलं वाक्य मला अजून आठवतं. "गिटार म्या कधी उघडली नाही लेकरा. पण आत वायरच असतील ना, उघडून बघू." एवढं खरं बोलणारा माणूस त्या आठवड्यात मला पहिल्यांदा भेटला.

तुम्ही मागची डबी उघडली, नऊ व्होल्टचा चौकोनी सेल काढला, मीटर लावलं. ५.६ व्होल्ट. मग विचारलं, "वाजवून झाल्यावर वायर काढतो का?" मी म्हणालो, नाही, लावलेलीच असते. तुम्ही काही बोलला नाहीत. मीटर बीपवर टाकलं, एक सळई सेलच्या काळ्या वायरीला लावली, दुसरी जॅकच्या अर्थला, आणि दोन्ही माझ्या हातात दिल्या. "आता पिन घाल." बीप वाजला. "काढ." बंद. "घाल." पुन्हा बीप. मला तिथंच लख्ख कळलं. या गिटारीला चालू-बंदचं वेगळं बटणच नाही. जॅक तीन टोकांचा असतो, सेलची निगेटिव्ह वायर मधल्या टोकाला जोडलेली असते. आपली साधी मोनो पिन आत गेली की तिचा लांब धातूचा भाग ते मधलं टोक आणि अर्थ एकत्र जोडतो, आणि सेल सुरू होतो. म्हणजे पिन हेच बटण. मी दिवाळीपासून ते दाबून ठेवलं होतं.

कॅलेंडरच्या मागच्या बाजूला तुम्ही मांडलेला हिशोब मी फोटो काढून जपून ठेवलाय. या जातीचा एक पिकअप साधारण ८० मायक्रोअँपिअर खातो, दोन पिकअपचे १६०. चांगल्या अल्कलाइन सेलमध्ये साधारण ५५० मिलिअँपिअर-तास असतात. भागाकार केला तर साडेतीन हजार तासांच्या आत, म्हणजे पाच महिन्यांच्या आत सेल संपणार. दिवाळी ते जयंती, पाचच महिने. पिकअप जळले नव्हते, काहीच बिघडलं नव्हतं. तुम्ही नवा सेल घातला आणि गिटार बोलायला लागली.

तरी तुम्ही झाकण लावलं नाहीत. आवाजाचा नॉब फिरवून बघितला आणि म्हणालात, हे काहीतरी चुकलंय. खरंच, तो नॉब आधीपासून विचित्र वागायचा, दहावरून दोनवर आणला तरी फरक नाही आणि शेवटी एकदम आवाज गायब. मी ते गिटारीचं वळण समजून चालत होतो. तुम्ही नॉबखालच्या पॉटवरचा, म्हणजे आवाज कमी-जास्त करणाऱ्या भागावरचा आकडा वाचला, ५०० के, म्हणजे पाच लाख ओहम. आधीच्या मालकानं साध्या गिटारीचा पॉट घातला होता. अ‍ॅक्टिव्ह पिकअपला २५ केचा लागतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवून तुम्ही तो आठवड्यानं बसवला, तेव्हा आवाज पहिल्यांदा हळूहळू चढला, हळूहळू उतरला.

पण हे पत्र लिहायला लावलं ते त्यानंतरच्या दुपारनं.

मी माझी जुनी गिटारही घेऊन आलो होतो, साधी, पॅसिव्ह, सेल नसलेली, पहिल्या कमाईची. तिचा आवाज घरच्या छोट्या अ‍ॅम्पवर मोकळा येतो, पण मंडपात थेट मिक्सरला लावली की गोधडीखालून आल्यासारखा. मी समजत होतो, स्वस्तातली आहे म्हणून. तुम्ही पिकअपवर मीटर लावलं, ५.९ किलोओहम आले. मग समजावलं की आत लोहचुंबक आहे, त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे आहेत. तार थरथरली की या वेढ्यांत जरासा करंट तयार होतो, तेवढंच तिचं बळ. जितका सूर वरचा, तितका या वेढ्यांचा अडथळा वाढत जातो. आणि मी ती लावत होतो मिक्सरच्या लाइन इनपुटला, जिथं समोर जेमतेम दहा हजार ओहम असतात. गिटारीच्या अ‍ॅम्पला दहा लाख असतात.

मी नुसता बघत होतो. मग तुम्ही म्हणालात ते शब्द जसेच्या तसे लिहितो.

"तुह्या विहिरीला झरा बारीक हाय. पाच एचपीची मोटर लावली तं दोन मिनिटांत विहीर कोरडी पडती. मोटर खराब नाही, विहीर बी खराब नाही. जोडी चुकली."

"मग अ‍ॅक्टिव्ह गिटारीत काय असतं?"

"पाटकरी असतो. तो झऱ्याचं पाणी उपसतच नाही. नुसता झऱ्याकडं बघतो, आन् झरा वर-खाली होईल तसा कॅनॉलचा दरवाजा वर-खाली करतो. पाणी कॅनॉलचं, चाल झऱ्याची. तो कॅनॉल म्हंजे तुहा सेल."

मामा, माझं शेत जायकवाडीच्या कालव्यावर आहे. पाटकरी काय करतो, हे मी लहानपणापासून बघत आलोय. इम्पिडन्स, म्हणजे करंटला होणारा हा अडथळा, हा शब्द मी शंभरदा ऐकला होता, पण त्या दुपारी तो मला दिसला. आणि त्या रात्री आवाज का फाटला, तेही कळलं. कॅनॉललाच पाणी कमी, म्हणून हळू वाजवलं तर पुरायचं. जोरात वाजवलं की दरवाजा पूर्ण उघडूनही पाणी वाढत नव्हतं, लाटेचा वरचा भाग सपाट कापला जात होता. तीच खरखर.

तुम्ही वायरीचाही हिशोब करून दाखवलात. मंडपात माझी वायर वीस मीटरची. वायरही विजेचा थोडा साठा धरते, तो मीटरमागं साधारण १०० पिकोफॅरड धरला तर २,००० होतो. पाच मीटरच्या वायरीला ५०० आणि पिकअपचा इंडक्टन्स (वेढ्यांच्या त्या वाढत्या अडथळ्याचं माप) अडीच हेन्री, तर गिटारीची चमक साडेचार हजार हर्ट्झच्या आसपास बसते. वीस मीटरला ती सव्वादोन हजारांवर घसरते. ढोबळ आकडा, पण कानाला ऐकू येणारा फरक नेमका तोच होता. पाटकरी ठेवला की वायर कितीही लांबली तरी फारसं बिघडत नाही. आमच्यासारख्या उघड्या मैदानावर वाजवणाऱ्यांनी अ‍ॅक्टिव्ह का घ्यावं, याचं मला पटलेलं पहिलं कारण हे.

दुसरं कारण हमचं. जनरेटर, ट्यूबलाइटचे चोक, लायटिंगच्या माळा, सगळं ५० हर्ट्झनं गुणगुणत असतं आणि एका कॉइलचा पिकअप ते सगळं झेलतो. अ‍ॅक्टिव्ह पिकअपच्या आत वेढे कमी, भोवती शील्डिंग, म्हणून तो शांत. पण त्यावर तुम्ही मला थांबवून बजावलंत, की आधी मंडपाची अर्थिंग बघत जा. साध्या गिटारीच्या तारा ब्रिजमधून अर्थला जोडलेल्या असतात. अर्थिंग धड नसेल आणि ओठ माइकला लागले, तर मुंग्या येतात, कधी जोराचा झटकाही बसतो. पाण्यानं ओली केलेली जमीन, नीट गाडलेली सळई आणि टेस्टर, हे बघितल्याशिवाय मी आता पिन लावत नाही. पार्टीतल्या गायिका ताईंना दर कार्यक्रमात ओठांना मुंग्या यायच्या. आता येत नाहीत. त्यांचेही आभार तुम्हाला पोचवतो.

आणि जुन्या गिटारीसाठी तुम्ही केलेली ती पेटी! नातीची जुनी लोखंडी कंपासपेटी, आत टीएल०७२ ची आयसी (हाच पाटकरी), नऊ व्होल्टचा सेल, पुढून दहा लाख ओहम. रंग खरवडून पेटीला अर्थ जोडलात, म्हणजे पेटी स्वतःच शील्ड झाली. गिटारीपासून पेटीपर्यंत एक मीटरची वायर, पेटीपासून पुढं वीस मीटर. पाटकरी गिटारीत बसलाय की माझ्या कमरेच्या पट्ट्याला, झऱ्याला काय फरक! झाकणावर आतून अजून पाढ्यांचा कागद चिकटलेला आहे, तो मी काढला नाही. दोन्ही गिटारींचे मिळून तुम्ही साडेचारशे रुपये घेतलेत, त्यातले पॉटचेच निम्मे.

आता कुणी विचारलं, दोन्हींत चांगली कोणती, तर मी माझं मत सांगतो. मैदानावरच्या जयंतीला अ‍ॅक्टिव्ह. ती भरवशाची, प्रत्येक सूर सारखा पुढं आणणारी. पण विहारात वीस माणसांसमोर संथ वंदना गाताना मी जुनीच घेतो. तिचा नॉब जरा उतरवला की आवाज मऊ होतो, बोट हलकं टेकलं तर हलकं उमटतं. काही जण याला दोष म्हणतात, मला तेच आवडतं.

तुम्ही एक प्रश्न विचारला होता, ही सेलवाली भानगड काढली कुणी? शोधून सांगतो म्हणालो होतो. अमेरिकेत १९७० च्या आधीपासून काही कारागीर गिटारीत इलेक्ट्रॉनिक सर्किट बसवून बघत होते. १९७६ साली कॅलिफोर्नियात रॉब टर्नर यांनी कंपनी सुरू केली, तीच पुढं ईएमजी म्हणून ओळखली गेली आणि त्यांचे अ‍ॅक्टिव्ह पिकअप जगभर गेले. त्याच वर्षी लिओ फेंडर यांच्या म्युझिक मॅन कंपनीचा स्टिंगरे बेस आला, आत प्रीअ‍ॅम्प, म्हणजे तुमचा पाटकरी, घेऊनच. आणि मामा, हे वाचून मी बराच वेळ तुमचाच विचार करत बसलो. ज्यांच्या गिटारी जगानं वाजवल्या, त्या लिओ फेंडर यांचं १९३८ साली फुलरटन गावात रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. लोक बिघडलेले अ‍ॅम्प्लिफायर घेऊन यायचे, ते उघडून बघायचे. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती.

माझी गिटार आता पिन काढून भिंतीला टांगलेली असते. सेल बदलला की डबीवर चिकटपट्टी लावून तारीख लिहितो, तुम्ही सांगितलं तशी. शेवटची तारीख २ ऑक्टोबर.

१४ जानेवारीला नामांतर दिनी संभाजीनगरला विद्यापीठाच्या गेटजवळ आमची पार्टी गाणार आहे. सकाळी साडेसातला परभणी स्टेशनवर तुम्हाला घ्यायला येतो, नातीलाही सोबत आणा. मिक्सरशेजारची खुर्ची तुमची. दोन्ही गिटारी आणि कंपासपेटी घेऊन येतोय.

तुमचा,
सोयाबीनवाला गिटारवादक