फ्लोटर्सला नाडी नसते

सदाशिव पेठ, पुणे
सोमवार, दुपारी तीन

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

काल तू अर्धी पोळी ताटात टाकून उठलास, तेव्हाच ठरवलं की तुझ्या तब्येतीचा विषय समोरासमोर काढायचा नाही. फोन केला असता तर 'हो आई, हो आई' म्हणत लॅपटॉप बडवत बसला असतास. म्हणून लिहितेय. भाजणीच्या डब्याखाली पत्र ठेवून बाळीबरोबर पाठवते, ती बुधवारी वाकडला येणार आहे.

आधी माझी चूक. रेवतीसमोर तुझ्या पोटावर बोलायला नको होतं. तिचा चेहरा उतरलेला मला दिसला.

पण माझं लक्ष पोटाकडे नव्हतंच रे. पर्वती चढताना साठ-पासष्ट पायऱ्या झाल्या आणि तू खाली वाकलास. 'तुम्ही व्हा पुढे, मी नाडी बांधतो' म्हणालास. मी आपली पुढे गेले. वर जाऊन टेकल्यावर लक्षात आलं, तुझ्या पायात फ्लोटर्स होते. फ्लोटर्सला नाडी नसते. सगळ्या मिळून १०३ पायऱ्या, आणि छत्तीस वर्षांच्या मुलाला अडुसष्ट वर्षांच्या आईशी खोटं बोलावं लागतं?

तुझा रिपोर्ट फ्रिजवर राहिला होता, तो मी वाचला. वाचायला नको होता, पण फ्रिजवर ठेवलेलं मी वाचते. एचबीएवनसी ६.१. ही तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी. ५.७ च्या खाली हवी, ६.५ पासून मधुमेह म्हणतात. म्हणजे तू उंबऱ्यावर आहेस, आत गेलेला नाहीस. हे मी दिवसातून दहा वेळा मनाला बजावते आणि दर वेळी भाऊ आठवतो. त्याने कधी रक्त तपासलंच नाही. शेवटच्या वर्षी त्यालाही जिन्याच्या वळणावर थांबायची सवय लागली होती. तिथल्या कुंडीतली तुळस बघत उभा राहायचा. आम्हाला वाटलं, ह्याला आता झाडांची आवड लागली.

जाऊ दे. भाऊचं लिहिणार नव्हते.

अण्णांचं लिहिते. मागच्या खोलीत फरशीवर सतरंजी टाकून रोज बारा नमस्कार, मग जोर, मग बैठका. तू त्यांच्या पाठीवर बसायचास आणि 'भानवे नमः'ला गडगडत खाली यायचास. टिळकांनी डेक्कन कॉलेजातलं पहिलं वर्ष शरीर कमावण्यात घालवलं आणि परीक्षेत नापास झाले, ही त्यांची आवडती गोष्ट. तू सातवीत असताना विचारलंस, 'मग मीही नापास होऊ का?' अण्णा आठवडाभर ती गोष्ट सांगायचे थांबले होते. पुढे लिफ्ट बंद पडली तेव्हा त्याच अण्णांना पाठुंगळी घेऊन तू तीन मजले उतरवलंस. तेव्हा तेविसाचा होतास. खाली आल्यावर रिक्षावाल्याशी भाड्यावरून भांडलासही. दम लागला होता का रे तेव्हा? मला तरी आठवत नाही.

तू म्हणशील, आईला काय कळतं. गुडघ्यांसाठी ते व्यायाम दिले तेव्हा मलाही हसू आलं होतं. खुर्चीतून हात न टेकता उठायचं, बसायचं, दहा वेळा. पहिल्या दिवशी चार झाले. आता वीस होतात. भिंतीला हात लावून जोर काढायला लागले, ते जमल्यावर ओट्याशी आले. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत ओट्याला हात टेकून खाली-वर. समोरच्या बाईंनी खिडकीतून विचारलं, 'ओटा हलतोय का तुमचा?' उंची जितकी कमी तितका जोर अवघड, एवढंच त्यातलं शास्त्र. तू आधी ओट्याशी कर, मग दिवाणाशी, मग जमिनीवर. वर्षाचे पैसे भरून अकरा दिवस गेलेल्या जिमबद्दल मी काही बोलत नाहीये.

आणि बैठका सोडू नकोस. मांड्यांचे स्नायू शरीरातले सगळ्यात मोठे. ते राबायला लागले की रक्तातली साखर ओढून घेतात, तेवढ्यापुरती इन्सुलिनचीही फार वाट बघत नाहीत. आठवड्याला १५० मिनिटं तरी भरभर चालणं आणि निदान दोन दिवस स्नायूंना ताण, असं जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं फिरलं तरी साखर कमी चढते. अण्णा त्याला शतपावली म्हणायचे आणि तू हसायचास.

सुरू झालं बघ माझं. शाळा सुटली तरी खडू हातातच. रागावू नकोस.

खाण्याबद्दल तर मला बोलायचा हक्कच नाही. रिक्षा खाली भोंगा वाजवतेय आणि मी तुझ्या तोंडात साखर-तूप-पोळीची गुंडाळी कोंबतेय. पोट भरलं म्हणालास तरी 'ताटात टाकायचं नाही' म्हणून शेवटचा घास भरवलाच. काल तू पोळी टाकून उठलास तेव्हा मला राग आला तो त्या जुन्या सवयीने. खरं तर बरंच केलंस. भात बंद करू नकोस, कमी घे. ताटाची डावी बाजू वाढव, कोशिंबीर चमचाभर नको, वाटीभर घे. आधी ती आणि उसळ खा, पोळी-भात मागून. अंडी खा. तुझं वेगळं पातेलं अजून माळ्यावर आहे, हवं तर पाठवते. ऑफिसातून रात्री अकराला येऊन जे मागवता, त्याचं तुमचं तुम्ही ठरवा. माझा मुलगा चाळीस माणसांचं काम सांभाळतो, हे मी भाजीवाल्यालाही सांगून झालंय. तेवढं काम करताना भूक अवेळीच लागणार, कळतं मला.

पण बैठकांच्या आधी डॉक्टरकडे जा. ईसीजी काढ आणि दम लागतो हे स्पष्ट सांग. 'थोडं थकायला होतं' म्हणू नकोस, भाऊ तेच म्हणायचा. या आठवड्यातच जा. रेवतीला बरोबर ने, तू एकटा गेलास तर निम्मं सांगणार नाहीस.

रविवारी याल तेव्हा पर्वतीला नको जायला. डॉक्टर हो म्हणाले तर पुढच्या महिन्यात जाऊ. मी हळू चढते, गुडघ्यांमुळे मला दर वीस पायऱ्यांवर थांबावं लागतं. तूही थांब माझ्याबरोबर.

तुझी,
आई

ता. क. थालीपिठाला तेल चमचाभरच, झाकण ठेवून कर. डब्यात कागदाखाली दोन लाडू आहेत. चार ठेवले होते, दोन काढून घेतले. एक रेवतीचा.