सही करण्याआधी

चि. रेवती,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, बाबांच्या जमिनीतला माझा हिस्सा दादाला सोडते, हक्कसोडपत्र करून टाकू या. मला काय तिथे सत्ता गाजवायची आहे?" दादावरच्या मायेनं बोललीस, हे मला कळतं. पण सत्ता म्हटल्यावर तुला फक्त गाजवणंच आठवलं, म्हणून हे पत्र.

सत् म्हणजे असणं. सत्ता या शब्दाचा मूळ अर्थ अस्तित्व. वेदान्तात तो अजूनही त्याच अर्थानं येतो. राज्य आणि अधिकार हे अर्थ त्याला मागून चिकटले, आणि मालकीसुद्धा. शहरात सिटी सर्व्हेच्या कामात जमीन कोणत्या हक्कानं धारण केली आहे, याला 'सत्ता प्रकार' म्हणतात. माझी आजी म्हणायची, "या घरावर माझी काय सत्ता?" तिच्या डोळ्यांपुढे गादी-सिंहासन नव्हतं. घरातली शेरडी विकायची की ठेवायची, एवढंही तिला कुणी विचारत नसे, याबद्दल ती बोलत होती.

सोबत आपल्या गटाच्या सातबाऱ्याची प्रत पाठवते आहे. नीट बघ. बाबांच्या नावाला कंस पडला आहे, म्हणजे ते आता कमी झालं, आणि खाली माझं, दादाचं, तुझं अशी तीन नावं लागली आहेत. शेजारी वारसाच्या फेरफाराचा, म्हणजे नावं बदलल्याच्या नोंदीचा, नंबर आहे. मालक हा शब्द तिथे सापडायचा नाही. महसुलाच्या भाषेत आपण भोगवटादार, म्हणजे जमीन धारण करणारे. आपली जमीन वर्ग 1 ची आहे, म्हणजे विकायला किंवा वाटून घ्यायला कलेक्टरची परवानगी लागत नाही. जमीन वडिलोपार्जित आहे. कसाही हिशेब केला तरी तिघांचा हिस्सा सारखाच येतो, एक तृतीयांश. दादा किंवा मी हे तुला देत नाही आहोत. ते तुझं आहेच.

माझ्या माहेरी असं नव्हतं. वडील गेल्यावर थोरल्या भावाचं नाव लागलं, पुढे ए.कु.मॅ. अशी अक्षरं, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. आम्हा बहिणींची नावं उजवीकडे 'इतर हक्क' या रकान्यात, विहिरीच्या कर्जाच्या बोजाखाली. राज्यानं 1994 मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मानं हक्क दिला, पण 22 जून 1994 च्या आधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. माझं लग्न 1990 चं. केंद्राचा कायदा 9 सप्टेंबर 2005 पासून लागू झाला, त्यानं ही लग्नाची अट काढली. तरीही वडील त्या तारखेला हयात हवेत की नको, यावर पंधरा वर्षं वाद चालला. सुप्रीम कोर्टानं 11 ऑगस्ट 2020 ला निकाल दिला: हक्क जन्मानं मिळतो, वडील हयात असण्याची गरज नाही.

दरम्यान आमच्या त्या शेताची एक पट्टी रस्त्यात गेली. मोबदल्याची नोटीस भावांच्या नावानं आली. आम्हा बहिणींना ते वर्षभरानं, एका लग्नात, चुलत वहिनीकडून कळलं. पैशांचं दुःख मला तेव्हाही नव्हतं. ज्या बांधावर खेळून मोठी झाले तो बांध गेला, आणि मला सांगावं असं कुणाला वाटलं नाही. हे मात्र अजून टोचतं.

चांदवडला 1986 मध्ये शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं. त्यानंतर लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम निघाला आणि गावोगावच्या शेतकऱ्यांनी आपणहून बायकांच्या नावानं जमिनी केल्या. तरीसुद्धा 2015-16 च्या कृषिगणनेत देशातल्या शंभर शेतीधारकांत बाया जेमतेम चौदा. खुरपायला, विरळणीला, द्राक्षाचे घड द्रावणात बुडवायला, त्या डिपिंगला, सगळ्या बायाच असतात ना गं?

दादाची अडचणही खरी आहे. सोसायटीचं पीक कर्ज असो की बँकेचं तारण, प्रत्येक वेळी तिघांच्या सह्या लागतात, आणि तू पुण्याला. त्याची द्राक्षाची छाटणी कर्जासाठी अडून राहावी असं मला मुळीच वाटत नाही. त्यावर उपाय आहेत. त्या कामापुरतं नोंदणीकृत मुखत्यारपत्र, म्हणजे तुझ्या वतीनं सही करायचा अधिकार, दादाला दे. ते नंतर रद्द करता येतं. नाहीतर तहसीलदारांकडे कलम 85 खाली वाटप करून घेऊ, आपापला तुकडा वेगळा. तुझा तुकडा त्यानंच कसावा, त्याबद्दल खंड, म्हणजे जमिनीचं भाडं, घ्यायचा की नाही ते तुम्ही दोघं ठरवा. हक्कसोडपत्राचं तसं नाही. दुय्यम निबंधकाकडे ते एकदा नोंदलं की नुसतं मन बदललं म्हणून परत फिरवता येत नाही, कोर्टात फसवणूक, दबाव असं काही सिद्ध करावं लागतं.

सगळं वाचून, समजून, चार महिन्यांनीही तुला दादाला द्यावंसं वाटलं, तर खुशाल दे. मी आड येणार नाही. फक्त 'लोक काय म्हणतील', 'माहेर तुटेल' या भीतीनं सही करू नकोस. बहिणीनं हिस्सा ठेवला म्हणून माहेर तोडणारा तुझा भाऊ नाही, हे मी त्याला वाढवलं म्हणून छातीठोक सांगते.

ऑक्टोबर छाटणी उरकली की तो जरा मोकळा होईल. तेव्हा दोन दिवस ये आणि त्याच्याशी तू स्वतः बोल. येताना आधार कार्ड आण. सातबाऱ्यावर तुझ्या नावाचं स्पेलिंग चुकलं आहे, तेही दुरुस्त करून घेऊ.

तुझी,
आई