चार भिंतींच्या आत न मावणारा प्रश्न

महोदय,

कालच्या अंकातील ‘प्राइड’ पदयात्रेविषयीचे वाचकपत्र वाचले. समलिंगी व्यक्तींनी चार भिंतींच्या आत हवे ते करावे, रस्त्यावर येण्याचे कारण काय, असे पत्रलेखकांनी विचारले आहे. माझा मुलगा समलिंगी आहे, म्हणून हे उत्तर.

काही वर्षांपूर्वी त्याला अपघात झाला. त्याच्यासोबत राहणाऱ्या जोडीदारानेच त्याला रुग्णालयात नेले आणि अनामत रक्कमही भरली. परंतु संमतिपत्रावर सही करण्याची वेळ आली तेव्हा ‘तुम्ही पेशंटचे कोण?’ या प्रश्नाचे त्याने दिलेले खरे उत्तर तेथे कोणी मानले नाही आणि मी नाशिकहून पोहोचेपर्यंत शस्त्रक्रिया खोळंबली. माझी सही लगेच चालली. मुलाला कोणते औषध सोसत नाही, हे मात्र मला त्या जोडीदारालाच विचारून डॉक्टरांना सांगावे लागले. हे सारे कोणत्या चार भिंतींच्या आत घडले, हे पत्रलेखकांनी मला सांगावे.

सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध दंड संहितेच्या कलम ३७७ मधून वगळले, म्हणजे ते गुन्हा राहिले नाहीत. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात मात्र विवाहाचा हक्क मान्य झाला नाही, तो विषय कायदेमंडळावर सोडला गेला. तेव्हा सही, वारसा, विमा यांसाठी दाद मागायची तर इतर सर्वांप्रमाणे रस्त्यावरच यावे लागेल. मुंबईत २००८ साली आणि पुण्यात २०११ साली पदयात्रा निघाल्या, तेव्हा नोकरी आणि घर जाण्याच्या भीतीने अनेकजण मुखवटे लावून चालले होते. आता त्यांच्यासोबत आईवडीलही चालतात. मीही चालते, आणि मला त्याचा अभिमान वाटतो. तेथे नाचगाणी असतात, ती असावीतच. ज्यांची वरात निघण्याची सोय कायद्याने अद्याप केलेली नाही, त्यांनी वर्षातून एक दिवस ढोल वाजवला तर कोणाचे काय बिघडते?

एक तक्रार वृत्तपत्रांविषयीही आहे. पदयात्रेतील मुलामुलींचे चेहरे त्यांना न विचारता ठळकपणे छापले जातात. माझ्या परिचयातील एका मुलीला अशाच एका छायाचित्रामुळे भाड्याची खोली सोडावी लागली. आपल्या छायाचित्रकारांना यापुढे परवानगी घेऊनच जवळून छायाचित्रे टिपण्याची सूचना द्यावी, ही विनंती.

— एक आई, पुणे